किंमत कुठे लिहिली आहे?

२०१० सालच्या जूनमध्ये माझे आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेत आले. बाबांनी मिरजेत चौतीस वर्षे किराणा मालाचे दुकान चालवले. त्यामुळे नायगारा, वॉशिंग्टन वगैरे ठरलेल्या यात्रा राहिल्या बाजूला, त्यांना सर्वांत आधी पाहायचे होते ते इथले वाणसामानाचे दुकान. जेट लॅग उतरायच्या आतच मी त्यांना आमच्या ओहायोतल्या घराजवळच्या सुपरमार्केटात घेऊन गेलो. मला वाटले होते, तिथला अवाढव्य पसारा पाहून ते थक्क होतील. तसे काही झाले नाही. त्यांनी टोमॅटोचा एक डबा उचलला, सवयीने उलटा केला, झाकण पाहिले, बूड पाहिले आणि मला विचारले, "किंमत कुठे लिहिली आहे रे?"

मी फळीच्या कडेला लावलेली चिठ्ठी दाखवली.

"ती फळीची किंमत झाली. ह्या डब्याची कुठे आहे?"

आपल्यापैकी बहुतेकांना इथे येऊन इतकी वर्षे झाली आहेत की हा प्रश्न आता पडेनासा झाला आहे. मी डब्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांकडे बोट दाखवून म्हटले, "ह्यात असते, बाबा. मशीन वाचते." इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट मिळवलेला आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांतून माहिती काढणारी सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारा माणूस मी, पण हे उत्तर चूक होते, आणि ते मला बोलताबोलताच कळले. त्या पट्ट्यांत किंमत नसतेच.

इथल्या डब्यावरच्या बारकोडमध्ये बारा आकडे असतात. सुरुवातीचे आकडे कंपनीचे, नंतरचे तिच्या त्या विशिष्ट मालाचे आणि शेवटचा पडताळ्याचा. हा पडताळा मोठा गमतीचा आहे. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज करून तिला तिनाने गुणायचे, त्यात सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज मिळवायची (शेवटचा सोडून), आणि एकूण दहाच्या पटीत यायला जेवढे कमी पडते तो शेवटचा आकडा. घरातला कोणताही डबा घेऊन करून पाहा; मुलांना पाढ्यांचा सराव द्यायला बरे पडते. पण ह्या बारा आकड्यांत किंमत नाही. ते फक्त मालाचे नाव आहे. त्या नावापुढे किती डॉलर लिहायचे ते दुकानाच्या कॉम्प्युटरात असते. बाबांच्या भाषेत सांगायचे तर किंमत वहीत असते, आणि वही दुकानदाराकडे.

बाबांना हे विपरीत का वाटले, हे समजायला आपल्याकडची छापील किंमत आठवावी लागेल. भारतात बांधीव मालासाठीचे नियम १९७७ साली झाले. तरी पुढची काही वर्षे उत्पादकाला 'स्थानिक कर वेगळे' असे छापायची मुभा होती. ह्या तीन शब्दांवरून काऊंटरवर किती भांडणे झाली ते बाबांकडूनच ऐकावे. कर नक्की किती हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसे, आणि काही दुकानदार त्याचा फायदा घेत. १९९० साली नियम बदलून 'कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित' छापणे सक्तीचे झाले. कमी घ्यायला मुभा, जास्त घ्यायला नाही. ही पद्धत निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. उत्पादक वाटेल तेवढी किंमत छापतो, दुकानदार त्यावर सूट देण्याचा आव आणतो, आणि हॉटेलांत पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येते असा निर्णय तर सर्वोच्च न्यायालयानेच २०१७ साली दिला. पण पुड्यावर एक आकडा असतो आणि तो पुड्याबरोबर घरी येतो.

इथे तो पुड्यावरून गेला कसा, ही कथा फिलाडेल्फियात सुरू होते. गंमत अशी, की घासाघीस बंद करून प्रत्येक वस्तूवर एकच किंमत लावण्याची पद्धत अमेरिकेत रूढ करणाऱ्या दुकानदारांपैकी एक, जॉन वानामेकर, हाही त्याच गावचा. १९४८ साली तिथल्या ड्रेक्सेल इन्स्टिट्यूटमध्ये किराणा दुकानांच्या एका साखळीचा अध्यक्ष डीनला भेटायला आला. मालाची नोंद काऊंटरवर आपोआप होईल अशी काही युक्ती तुमच्या लोकांनी शोधावी, अशी त्याची विनंती होती. डीनने नकार दिला. पण बर्नार्ड सिल्व्हर ह्या तरुणाने ते संभाषण ऐकले आणि आपला मित्र नॉर्मन जोसेफ वुडलंड ह्याला सांगितले. वुडलंड ह्या कल्पनेने इतका झपाटला की ड्रेक्सेल सोडून मायामी बीचला आजोबांकडे जाऊन राहिला. त्याला संकेतलिपी एकच येत होती, लहानपणी बॉय स्काऊटमध्ये शिकलेली मोर्स. एके दिवशी समुद्रकाठी बसून त्याने चार बोटे वाळूत खुपसली आणि स्वतःकडे ओढली. वाळूत चार रेघा उमटल्या. मोर्सचे ठिपके आणि डॅश ओढून लांब केले की जाड-बारीक रेघा होतात, हे त्याला तिथे सुचले.

दोघांनी २० ऑक्टोबर १९४९ रोजी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ ऑक्टोबर १९५२ रोजी ते मिळाले. त्यांचे पहिले यंत्र म्हणजे पाचशे वॅटचा दिवा आणि सिनेमाच्या ध्वनिपट्टीसाठी वापरतात तसली एक प्रकाशनलिका. दिवा इतका तापे की कागद करपायचा. लेसर अजून जन्माला यायचा होता. तो आला १९६० साली. पेटंट पंधरा हजार डॉलरना विकले गेले. सिल्व्हर १९६३ साली, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी वारला. १९६९ साली पेटंटची मुदतही संपली. तोपर्यंत एकाही किराणा दुकानात बारकोड नव्हता!

पुढचे काम आय.बी.एम.च्या जॉर्ज लॉरर ह्याचे. इतर कंपन्यांचा कल गोल, निशाणीच्या चकतीसारख्या खुणेकडे होता, कारण ती कोणत्याही बाजूने वाचता येते. लॉररचे म्हणणे वेगळे होते. छपाईच्या यंत्रातून कागद धावताना शाई त्याच दिशेला फराटते. गोल खुणेत त्यामुळे रेघा जाड होऊन बिघडतात. सरळ रेघा त्याच दिशेने छापल्या तर फार तर त्या थोड्या लांब होतात. हा विचार मला अजूनही सुंदर वाटतो. हुशारी लेसरमध्ये नव्हती, शाई कशी फराटते ते पाहण्यात होती. ३ एप्रिल १९७३ रोजी किराणा उद्योगाच्या समितीने हीच खूण निवडली. २६ जून १९७४ रोजी सकाळी आठ वाजून एक मिनिटाने, ओहायोतल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये, च्युइंग गमचे दहा पुड्यांचे एक पाकीट स्कॅनरवरून गेले. किंमत सदुसष्ट सेंट. बहुतेक मालावर तेव्हा बारकोड छापलेलाच नसल्यामुळे आदल्या रात्री दुकानातल्या लोकांनी शेकडो वस्तूंवर तो हाताने चिकटवला होता. मार्शची साखळी २०१७ साली दिवाळ्यात निघाली. ट्रॉय आमच्याहून तासाभराच्या अंतरावर आहे; आय-७५ने डेटनकडे जाताना फाटा लागतो.

इथवरची हकिगत पुष्कळांना ठाऊक असते. पुढची सहसा कोणी सांगत नाही. दुकानांना स्कॅनर हवा होता तो केवळ रांग भराभर हलावी म्हणून नव्हे. प्रत्येक डब्यावर किमतीचे लेबल मारायला माणसे लागत, आणि किंमत बदलली की पुन्हा सगळी लेबले बदलावी लागत. ही मजुरी वाचवणे हा हिशेबातला मोठा भाग होता. ग्राहक संघटना आणि दुकानांतल्या कामगारांच्या युनियन ह्या दोघांनी ते ताबडतोब ओळखले. डब्यावर किंमत नसेल तर घरी गेल्यावर बिलाशी कशाची ताडून पाहायची, हा ग्राहकांचा प्रश्न. लेबले मारणाऱ्या हातांचे काय, हा कामगारांचा. काही राज्यांनी कायदेच केले. मिशिगनने १९७६ साली प्रत्येक वस्तूवर किंमत लावणे सक्तीचे केले.

मी २००३ साली पीएच.डी.साठी आलो तो मिशिगनमध्येच. त्यामुळे पहिली पाच वर्षे मी पाहिलेल्या प्रत्येक डब्यावर किमतीचा चिकटा होता, आणि अमेरिकेत सगळीकडे असेच असते अशी माझी समजूत झाली. तिथल्या कायद्यात आणखी एक खुबी होती. काऊंटरवर चिकट्यापेक्षा जास्त पैसे घेतले, तर जादा घेतलेली रक्कम आणि वर तिच्या दहापट, पण कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त पाच डॉलर, गिऱ्हाइकाला मिळत. आम्हा विद्यार्थ्यांना हे कळल्यावर बिल तपासणे हा एक जोडधंदाच झाला. मला दोनदा पाच-पाच डॉलर मिळाले. दुसऱ्या वेळी काऊंटरवरच्या बाईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलो नाही. २००८ साली नोकरीसाठी ओहायोत आलो आणि डबे एकदम उघडे-बोडके दिसू लागले. मिशिगननेही २०११ साली चिकट्यांची सक्ती काढून टाकली. किंमत फळीवर किंवा जवळपास दिसली म्हणजे पुरे.

मी ओहायोत आलो त्याच वर्षी फोन बारकोड वाचू लागले. ऑगस्ट २००८मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी घेतलेल्या स्पर्धेत पहिल्या दहांत दोन प्रोग्रॅम एकाच कल्पनेचे होते: फोनचा कॅमेरा मालावर धरा, हीच वस्तू दुसरीकडे कितीला मिळते ते पाहा. एकाचे नाव पुढे शॉपसॅव्ही झाले, दुसऱ्याचे कंपेअरएव्हरीव्हेअर. दोघांना प्रत्येकी २,७५,००० डॉलर मिळाले. रेघा वाचण्याचे काम करणारे झेडक्रॉसिंग नावाचे सॉफ्टवेअर (पट्टे म्हणून झेब्रा क्रॉसिंग!) सगळ्यांना फुकट उपलब्ध होते. आयफोनची अडचण वेगळी होती. त्याच्या तेव्हाच्या कॅमेऱ्याला जवळची वस्तू स्पष्ट दिसतच नसे, सगळ्या रेघा एकमेकींत मिसळायच्या. कोलोराडोतल्या बोल्डरच्या एका लहानशा कंपनीने २००९ साली रेडलेसर काढले, ते ह्या पुसट चित्रातून गणिताने आकडे ओळखत असे. माझ्या धंद्यातली गोष्ट म्हणून मी ते दहा-दहा वेळा करून पाहिले. त्यांना माझा दंडवत.

हौस म्हणून मीही एका वीकेंडला असा प्रोग्रॅम लिहिला. शनिवारी दुपारपर्यंत फोन आकडे बिनचूक वाचू लागला. मग रविवारभर मी एकाच ठिकाणी अडकलो: आकडे वाचले, पुढे काय? ह्या आकड्याची वस्तू कोणती आणि कुठे कितीला मिळते, ह्याची सार्वजनिक वही कुठेच नव्हती. आकडे वाटणारी संस्था कंपन्यांना त्यांचे क्रमांक देते. किमतींशी तिचा संबंध नाही. म्हणजे किंमत सांगणारे प्रत्येक अ‍ॅप कोणाच्या तरी वहीतून वाचत होते, आणि ती वही उघडी ठेवायची की मिटायची हे त्या मालकाच्या मर्जीवर होते. हे मला त्या रविवारी तांत्रिक गैरसोय वाटले होते.

आता पुन्हा २०१०च्या जूनकडे येतो. सुपरमार्केटातून परतल्यावर बाबांना मी शॉपसॅव्ही दाखवले. टोमॅटोच्या डब्याबद्दल त्याने काही कामाचे सांगितले नाही. किराण्याच्या किमती त्यात फारशा नसत. पण कपाटातल्या एका पुस्तकावर फोन धरला तेव्हा चार दुकानांच्या किमती आल्या. बाबा खूष झाले. "म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशात सगळ्या बाजाराची वही!" असे म्हणाले. मग त्यांनी घरातल्या एकूण एक वस्तूवर फोन धरायला लावला.

त्या आठवड्यात आमच्या मुलीचा दुसरा वाढदिवस होता. गावात खेळण्यांचे एक लहान दुकान होते, एक वयस्कर बाई चालवायच्या. लाकडी आगगाडी बघायची म्हटल्यावर त्यांनी खोका उघडला, गुडघ्यांवर बसून रूळ जोडले, पूल उभा केला, मुलीला गाडी चालवायला दिली. वीस-पंचवीस मिनिटे गेली असतील. किंमत चौसष्ट डॉलर. त्या खोका आवरत असताना मी पाठमोरा होऊन फोन धरला. ऑनलाइन सत्तेचाळीस. "विचार करून सांगतो," असे म्हणून आम्ही बाहेर पडलो, आणि पार्किंग लॉटमध्येच मी ऑर्डर टाकली.

बाबा गाडीत गप्प होते. घर यायला आले तेव्हा म्हणाले, "आपल्या दुकानात कोणी असं केलं असतं तर?"

"बाबा, सतरा डॉलरचा फरक आहे. तुम्हीच म्हणालात ना, गिऱ्हाइकाच्या खिशात वही."

"म्हटलं खरं. पण गाडी जोडून दाखवली त्या बाईंनी. ते तुझ्या फोननं नाही दाखवलं."

मी वाद घातला. कार्यक्षमता, स्पर्धा वगैरे शब्द वापरले. त्या सतरांच्या वर आणखी चार-साडेचार डॉलर तर निव्वळ कराचे होते, असे आज मला सांगता येते... नव्हे, तेव्हाही सांगता आले असते. चौसष्टवर त्या बाईंना सुमारे सात टक्के सेल्स टॅक्स लावावाच लागला असता. म्हणजे खरा फरक एकवीस डॉलरच्या वर होता, आणि त्यातला एवढा भाग कोणाच्याही हुशारीचा नव्हता. ज्या विक्रेत्याचे राज्यात दुकान वा गोदाम नाही त्याला कर गोळा करायची सक्ती नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९२चा निकाल होता. तो २०१८ साली फिरवला गेला. ऑनलाइनवाल्याने न घेतलेला कर आपण स्वतः भरायचा असतो. किती जणांनी भरला, ते ज्याचे त्याने आठवावे. 'सर्व करांसहित' ह्या दोन शब्दांची किंमत बाबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला पुन्हा त्या दुकानात न्यायला लावले आणि स्वतःच्या पैशांनी नऊ डॉलरची एक लाकडी शिट्टी घेतली. मी आत गेलो नाही, गाडीतच बसलो.

त्याच जूनमध्ये ई-बेने रेडलेसर विकत घेतले. वर्षअखेरीला अ‍ॅमेझॉनने प्राइस चेक नावाचे स्वतःचेच अ‍ॅप आणले, आणि १० डिसेंबर २०११ रोजी एक योजना काढली: दुकानात जा, वस्तूची किंमत आमच्या अ‍ॅपमधून पाहा आणि आमच्याकडून घ्या, पाच टक्के सूट, प्रत्येक वस्तूमागे पाच डॉलरपर्यंत, तीन वस्तूंवर. लहान दुकानदार खवळले. मेन राज्याच्या सिनेटर ऑलिंपिया स्नो ह्यांनी जाहीर निषेध केला. पुस्तके त्या योजनेत नव्हती, तरी सर्वांत मोठा आवाज पुस्तकविक्रेत्यांचाच होता, आणि कादंबरीकार रिचर्ड रुसो ह्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांची बाजू मांडली. लक्षात घ्या, की दुकानात येऊन भाव बघणाऱ्यांकडून त्या अ‍ॅपला दुकानांच्या किमतीही आयत्या कळत होत्या. वही वाचणारे आपण नकळत दुसऱ्याच्या वहीत नोंदी करून देत होतो.

मोठ्या दुकानांनी काय केले? टार्गेटने २०१२च्या जानेवारीत पुरवठादारांना पत्र लिहून फक्त आपल्यासाठी वेगळा माल मागितला, आणि २०१३पासून टार्गेट आणि बेस्ट बाय दोघांनीही ऑनलाइन किमतीशी बरोबरी करायचे मान्य केले. अट एकच: वस्तू तंतोतंत तीच हवी. ही अट साधी दिसते, पण तिच्यातच सगळी मेख आहे. मी एकदा (नाव सांगत नाही) अशाच एका दुकानात टी.व्ही. घ्यायला गेलो. फोनवर स्वस्त किंमत दाखवली. विक्रेत्याने शांतपणे खोका वळवला. मॉडेल नंबरच्या शेवटी एक अक्षर जास्त होते, बारकोड वेगळा. टी.व्ही. मला तरी तोच दिसत होता. दोन आकडे वेगळे केले की तुलनाच संपते. गाद्यांच्या दुकानांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे.

दुसरीकडे वह्याही मिटत गेल्या. गूगलची किमतींची यादी आधी सर्व दुकानांना फुकट होती. २०१२ साली पैसे भरणाऱ्यांचाच माल त्यात दिसू लागला (फुकट नोंदी परत आल्या त्या २०२०मध्ये). वॉलमार्टने २०१४ साली पावती स्कॅन करून फरक परत देणारी सोय काढली, ती २०१९ साली बंद केली. रेडलेसरही बंद झाले. २०१७ साली अ‍ॅमेझॉनला एक पेटंट मिळाले: दुकानातल्या वाय-फायवरून कोणी प्रतिस्पर्ध्याची किंमत पाहू लागला तर ते ओळखून काय करावे, ह्याचे. ज्या कंपनीने २०११ साली दुसऱ्यांच्या दुकानांत फोन काढायला पैसे दिले, तिचेच. पेटंट मिळाले म्हणजे वापरलेच असे नाही, हे इथे सांगायला हवे.

आणि फळीवरची चिठ्ठी, जिला बाबा 'फळीची किंमत' म्हणाले होते? वॉलमार्टने २०२४ साली जाहीर केले की २०२६पर्यंत २,३०० दुकानांत कागदी चिठ्ठ्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक पाट्या येतील. लेबले बदलणाऱ्यांचा वेळ वाचतो हे कारण खरे आहे. १९७४ सालीही ते खरेच होते. पण चिठ्ठी निदान कागदाची होती, तिचा फोटो काढला तर संध्याकाळपर्यंत तरी ती तशीच राहील असा भरवसा होता.

खेळण्यांचे ते दुकान २०१३ साली बंद झाले. माझ्या एका ऑर्डरीने नव्हे, एवढे गणित मलाही येते. त्या आगगाडीचे रूळ अजून आमच्या बेसमेंटमध्ये आहेत. शिट्टी मुलीने लगेचच हरवली.

गेल्या डिसेंबरात मिरजेला गेलो होतो. दुकान आता चुलतभाऊ पाहतो. काऊंटरवर कॉम्प्युटर आहे, स्कॅनर आहे, पुड्यांवर ८९०ने सुरू होणारे बारकोड आहेत. बाबा संध्याकाळी तासभर जाऊन बसतात. भाऊ पुडा स्कॅनरखाली धरतो, बीप होतो, पडद्यावर आकडा येतो. तोवर बाबांनी चष्मा कपाळावर चढवून पुडा उलटा केलेला असतो आणि छापील किंमत ते मोठ्याने वाचतात. गिऱ्हाइकांना ह्याची सवय आहे. मी बसलो होतो त्या संध्याकाळी चहाच्या एका पुड्याचे दोन आकडे जुळले नाहीत. पडद्यावर बावन्न, पुड्यावर अठ्ठेचाळीस.

"काका, नवा माल बावन्नचाच आलाय," भाऊ म्हणाला.

"हा जुना आहे," बाबा म्हणाले आणि पुडा त्याच्यापुढे धरून राहिले. मागे तीन गिऱ्हाइके उभी होती. भावाने एकदा माझ्याकडे पाहिले आणि कीबोर्डवर आकडा बदलला.